विंचू पाळायचे ते कशासाठी?



दादरला मागच्या खेपेला कोळ्यांवर बोलणं झालं. ते संपल्यावर अकरावीतला एक मुलगा मोबाइल पुढे धरून उभा राहिला. पडद्यावर एक उथळ ट्रे, त्यात बारीक वाळू, बाकी काही नाही. वरून कोणीतरी एक झुरळ सोडतं. झुरळ चार पावलं चालतं, आणि वाळूच उठून त्याला धरते. पुन्हा सगळं शांत. "सर, हा कोळी इथे मुंबईत पाळता येईल का? आणि वाढवता येईल का?" असा त्याचा प्रश्न होता.

आम्ही त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. आजचं बोलणं त्या प्रश्नातूनच निघालं आहे. सुरुवात आफ्रिकेच्या वाळवंटात आहे, पण जायचं आहे ते इथून हाकेच्या अंतरावर, परळला. तेव्हा जरा धीर धरा. आणि 'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे आम्ही तिघे. माइकसमोर एकजण असतो, काम तिघांचं असतं.

तो व्हिडिओतला प्राणी म्हणजे सहा डोळ्यांचा वाळूतला कोळी. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहाच. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागात तो राहतो. शास्त्रीय नाव हेक्सोफ्थाल्मा. पूर्वी त्याला सिकेरियस या वंशात घालत असत. २०१७ साली आफ्रिकेतले वेगळे काढले आणि सिकेरियस हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या भावंडांकडे राहिलं. हा कोळी जाळं विणून शिकार धरत नाही. अंगावर वाळू ओढून घेतो आणि बसून राहतो. अंगावरच्या केसांना वाळूचे कण चिकटतात, त्यामुळे बाहेर आला तरी वाळूसारखाच दिसतो. महिनोनमहिने उपाशी राहू शकतो. कोळ्यांच्या मानाने आयुष्य फार लांब, कैदेत दहा-पंधरा वर्षंसुद्धा. मादी अंड्यांच्या पिशवीला बाहेरून वाळू लिंपते, आणि ती पिशवी वाळूत ठेवली की शोधून सापडत नाही.

पाळायला हा प्राणी तसा सोपा म्हणतात. कोरडी वाळू, थोडी ऊब, कधीतरी एखादं झुरळ, क्वचित पाण्याचा थेंब. पण त्याच्या विषात पेशींची आवरणं फोडणारं एक विकर आहे, सशांवरच्या प्रयोगांत त्याने भयंकर नासाडी केलेली आहे, आणि या कोळ्यासाठी खास बनवलेलं प्रतिविष उपलब्ध नाही. माणसाला तो चावल्याची खात्रीशीर उदाहरणं जवळजवळ नाहीतच, कारण माणूस तिथे राहतच नाही. चावे नाहीत म्हणून औषध नाही. असा प्राणी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवायचा, तर चावा होण्याची पहिली संधी आपणच तयार करायची, असा त्याचा अर्थ.

शिवाय तो आणणार कसा? जुलै २०२१ मध्ये चेन्नईला कस्टम्सने पोलंडहून टपालाने आलेलं एक पार्सल उघडलं. आत कापसात आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या बारक्या कुप्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. आले तसे परत पाठवले. हा धंदा कसा चालतो ते यावरून कळावं. "कैदेत पैदास केलेले" असं विकणारे नेहमी सांगतात. आमचा त्यावर फारसा विश्वास नाही. का नाही, ते थोड्या वेळात येईल.

तर त्या मुलाला आमचं पहिलं उत्तर 'नाही' असं आहे. पण नुसतं नाही म्हणून त्याला घरी पाठवणं आम्हाला बरं वाटेना. कारण त्याचा मूळ प्रश्न चांगला आहे. विषारी, हळू वाढणारा, एकटा राहणारा आठ पायांचा प्राणी माणसाला खरोखर पाळता येतो का, वाढवता येतो का? या प्रश्नावर आपल्याकडे माणसांचे जीव अवलंबून राहिले आहेत. फक्त तो प्राणी वाळूतला कोळी नसून कोळ्याचा चुलत भाऊ आहे. विंचू. त्यातही कोकणातला लाल विंचू.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांचं गाव रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग? हात वर करा. … पाहिलंत, अर्ध्याहून जास्त. गिरणगाव उभं राहिलं तेच कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांवर. नवरा लालबागला साच्यावर, बायको-मुलं गावाला, असं दोन चुलींचं घर इथल्या बऱ्याच आजोबांचं होतं. त्या गावाकडच्या घरात जांभ्याच्या भिंती, बाहेर गडगा, माळ्यावर लाकडं, पडवीत पेंढा. लाल विंचवाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? जांभ्याच्या भोकांत त्याचा दिवस जातो, रात्री तो फिरतो. मे महिन्यात मुंबईची मुलं गावाला जातात आणि अनवाणी पायाने अंगणात पळतात. पुढचं सांगायला नको.

आता एक गैरसमज काढून टाकू. गावात सगळे घाबरतात ते इंगळीला. काळी, मोठी, चिमटे खेकड्यासारखे जाड. तिचा डंख दुखतो हे खरं, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचू तिच्यापुढे किरकोळ दिसतो. तांबूस-पिवळा, दोन-तीन इंच लांब, चिमटे बारीक आणि शेपूट मात्र जाड. ढोबळ खूण हीच. ज्याचे चिमटे जाड तो चिमट्यांवर विसंबून असतो, ज्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड तो विषावर. याचं शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत ब्युथस किंवा मेसोब्युथस टॅम्युलस असं सापडेल, प्राणी तोच. लंडनच्या संग्रहालयातले पोकॉक यांनी १९०० साली हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या विंचवाच्या एका प्रकाराला त्यांनी 'कोंकानेन्सिस' असं नाव दिलं. कोकणाचं नाव एखाद्या प्राण्याला चिकटावं आणि ते नेमकं याला! असो.

या विंचवाचं विष नसांच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. दारं बंद होत नाहीत म्हणून नसा संदेश पाठवतच राहतात आणि शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावते, रक्तदाब चढतो. मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलाचं वजन कमी, विष तेवढंच, म्हणून मुलं जास्त दगावतात. डंखाच्या जागी दुखणं फारसं नाही म्हणून निर्धास्त राहू नये. घाम आणि उलट्या या खुणा जास्त महत्त्वाच्या.

यावर औषध दोन बाजूंनी आलं. एक बाजू महाडची, ती पुढे सांगतो. दुसरी बाजू परळची, आणि तिथेच आपला पाळण्याचा प्रश्न येतो. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे, केईएमच्या जवळच. मुळात ती वास्तू गव्हर्नरचं निवासस्थान. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे कॉलऱ्याने वारली आणि नंतर गव्हर्नरांनी ते घर सोडलं. पुढे प्लेगच्या दिवसांत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या परळच्या वास्तूत आली. १९२५ पासून संस्थेला त्यांचं नाव आहे. सापांचं विष, सर्पदंशावरचं औषध यासाठी मुंबईकर तिला ओळखतात. लस आणि सीरम बनवण्याचं काम पुढे हाफकिनच्याच नावाच्या वेगळ्या महामंडळाकडे गेलं, आणि या कामात लाल विंचवावरचं प्रतिविषही आलं.

प्रतिविष बनवण्याची रीत थोडक्यात अशी. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा देतात, ती हळूहळू वाढवत नेतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रथिनं तयार होतात. रक्त काढून त्यातून ती वेगळी करतात, शुद्ध करतात, बाटलीत भरतात. पण घोड्याला द्यायला आधी विष पाहिजे. विष पाहिजे तर विंचू पाहिजेत. एक-दोन नव्हे, पुष्कळ.

नाग किंवा घोणस असेल तर एका वेळी शंभर मिलीग्रॅमच्या वर कोरडं विष मिळू शकतं. विंचवाचं माप मिलीग्रॅमच्या अंशात. हिशेबासाठी एका वेळी अर्धा मिलीग्रॅम धरा. मग एक ग्रॅम विषासाठी दोन हजार वेळा विष काढावं लागेल. आणि काढायचं कसं? सापाचे दात पातळ पडद्यात रुतवता येतात, विंचू तसं ऐकत नाही. पूर्वी मेक्सिकोत तर विंचवांच्या नांग्याच कापून, कुटून, त्यांचा अर्क घेत असत. एक विंचू, एकदाच. आता शेपटीला विजेचा हलका झटका देतात. स्नायू आखडतात, नांगीच्या टोकावर एक थेंब येतो, तो बारीक नळीत ओढून घेतात. काही विंचवांत पहिला थेंब पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि दुधासारखा गढूळ, जोरकस भाग मागून येतो. मग त्या विंचवाला दोन-तीन आठवडे विश्रांती. घाई केली तर थेंब पातळ येतो.

हे ऐकल्यावर कोणाच्याही मनात येईल ते आमच्याही मनात आलं होतं. रानातून आणत बसण्यापेक्षा वाढवावेत की! कोंबड्या वाढवतो, रेशमाचे किडे वाढवतो, मग विंचू का नाही? म्हणून काही वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेऊन आम्ही प्रयोगशाळेत लाल विंचू ठेवले. विष काढायचं नव्हतं. त्यांचं आयुष्य पाहायचं होतं, वाढतात का ते पाहायचं होतं.

पहिला नियम, एका बरणीत एकच. दोन ठेवले तर सकाळी एक असतो आणि तोही पोट फुगलेला. बरणी काचेची किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकची. स्वच्छ काचेवर विंचवाला चढता येत नाही. मात्र माशांच्या टाकीत ठेवू नका. टाकीच्या कोपऱ्यांत सिलिकॉनची जी रेघ असते तिच्यावरून तो शिडीसारखा वर येतो. हे आम्हाला वाचून माहीत नव्हतं, पाहून कळलं. त्या रात्री तिघेही घरी उशिरा गेलो. तळाला कोरडी माती, वर जांभ्याचा एखादा तुकडा, अंग चोरायला. पाण्यासाठी ओला कापूस, कारण उघड्या वाटीत छोटे विंचू बुडतात. ऊब तीस अंशांच्या आसपास.

मुंबईत ऊब फुकट मिळते, पण जुलैत तिच्याबरोबर ओलही येते. कोकणातही पाऊस असतो, मग तिथला विंचू पावसात कसा जगतो, असं तुम्ही विचाराल. जांभ्याच्या भोकात हवा खेळती असते, पाणी झिरपून जातं. बरणीत तेच पाणी कोंडून राहतं. मातीवर बुरशी येते, विंचवाच्या सांध्यांत बारीक गोचिडीसारखे किडे बसतात. पहिल्या पावसाळ्यात आमचे बरेच विंचू गेले. त्यानंतर झाकणांना जाळी लावली आणि माती दर आठवड्याला बदलली.

खाण्याचं म्हणाल, तर मुंबईत झुरळांना काय तोटा! लालबागच्या एका चाळीतून एक विद्यार्थी डबा भरून झुरळं घेऊन आला. आम्ही खूश. दोन दिवसांत सहा विंचू पाय वाकडे करून मेलेले. त्या चाळीत आदल्या आठवड्यात औषध मारलेलं होतं, आणि ते आम्ही विचारलं नव्हतं. चूक सर्वस्वी आमची. तेव्हापासून झुरळंसुद्धा आम्ही स्वतःच वाढवायला लागलो. म्हणजे विंचू वाढवायचे तर आधी झुरळं वाढवायची, आणि झुरळं वाढवतो असं महाविद्यालयात जाहीर सांगायचं. आमच्याशी काही सहकारी आजही चहा पीत नाहीत.

आता पैदाशीकडे येऊ. नर-मादी एकत्र आणायचे ते मादीचं पोट भरलेलं असताना. नर तिचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो आणि दोघं पुढेमागे फिरू लागतात, कधी काही मिनिटं, कधी त्याहून बरंच जास्त. पोटाखाली त्यांना कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी नर जमीन चाचपत असतो. त्याला एक टणक सपाट जागा हवी असते. तिथे तो शुक्राणूंची एक काडी उभी करतो आणि मादीला तिच्यावर ओढतो. आम्ही सुरुवातीला नुसती भुसभुशीत माती ठेवली होती. फेऱ्या झाल्या, पुढे काही नाही. मग एक फरशीचा तुकडा टाकला. हे झालं की नराला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर त्याची वरात तिथेच संपते.

मादीचं पोट महिनोनमहिने वाढत जातं. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. पांढरीशुभ्र, मऊ, वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त. ती आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जाऊन बसतात. आपल्याकडे 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो ते हेच. दुसरंही एक आपण म्हणतो, की पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात. ते खोटं आहे. पाठीवर असताना ती काहीच खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात. आठवडाभरात पहिली कात टाकतात आणि मग खाली उतरतात. खरा प्रकार उलटा होतो. आईला त्रास झाला, बरणी हलवली, टॉर्च मारली, तर आईच पिल्लांना खाते. आमच्या पहिल्या बिऱ्हाडाचे आम्ही इतके फोटो काढले, की चौथ्या दिवशी पाठ रिकामी होती.

पिल्लं उतरल्यावर मग प्रत्येकाची वेगळी डबी. तीस पिल्लं, तीस डब्या. तीळभर तोंडाला साजेसं खाणं, म्हणजे वाळवी किंवा झुरळांची अगदी नवी पिल्लं. पाच-सहा वेळा कात टाकल्यावर तो मोठा होतो, त्यात वर्ष जातं, कधी त्याहूनही जास्त. प्रत्येक कात म्हणजे एक परीक्षा. हवा फार कोरडी तर पाय जुन्या कातेत अडकतात. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट चमकतात हे तुम्ही पाहिलं असेल, आम्ही रात्री त्याच टॉर्चने गणती करायचो. पण नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच घट्ट झाल्यावरच चमकतो. त्यामुळे एका रात्री गणतीत एक कमी आला आणि आम्ही सगळी खोली उलटीपालटी केली. तो बरणीतच होता, फक्त अंधारात.

सगळं मिळून दुसऱ्या पिढीपर्यंत किती पोचले? बोटांवर मोजता येतील इतके. आता मघाचा मुद्दा. आमच्याकडे पिल्लं झाली, त्यांतली बहुतेक रानातून पोटुशी आलेल्या माद्यांची. या कुळातल्या अनेक माद्या एकदा मिळालेले शुक्राणू साठवून नंतरही पिल्लं देतात. म्हणजे कैदेत जन्म झाला, पण त्याला कैदेतली पैदास म्हणता येत नाही. पैदास तेव्हा म्हणायची, जेव्हा बरणीत जन्मलेल्या मादीला बरणीत जन्मलेल्या नरापासून पिल्लं होतील, आणि ती जगतील. कोळी विकणारा "आमच्याकडे पैदास झालेला" म्हणतो तेव्हा यातलं नेमकं काय झालेलं असतं, ते विचारून पाहा.

यावरून कळेल की औषधाच्या कामात विंचू रानातूनच का आणावे लागतात. वर्षभर झुरळं खाऊ घालून, तीस डब्या सांभाळून, शेवटी हातात येतो एक विंचू आणि अर्धा मिलीग्रॅम. रानात गडग्याचा एक दगड उचलला तर तोच विंचू तयार मिळतो. सापांच्या बाबतीतही असंच आहे. तामिळनाडूत इरुळा लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. ते साप रानातून पकडतात, काही वेळा विष काढतात आणि पुन्हा सोडतात. देशातल्या सर्पदंशावरच्या औषधाला लागणारं बरंचसं विष तिथून येतं. पैदाशीवर कोणी विसंबत नाही.

मात्र रानातून आणायचे म्हटलं की एक नवा प्रश्न उभा राहतो. कुठल्या रानातून? लाल विंचू कोकणात आहे, घाटावर आहे, विदर्भात आहे, कर्नाटकातही आहे. जात एक. पण कोकणच्या ओल्या भागातल्या आणि दख्खनच्या कोरड्या भागातल्या विंचवांचं विष संशोधकांनी तपासलं, तेव्हा त्यातली प्रथिनं सारखी निघाली नाहीत. मग एका भागाच्या विषावर बनवलेलं सीरम दुसऱ्या भागातल्या रोग्याला तितकंच लागू पडेल का? सापांच्या बाबतीत हाच प्रश्न देशभर चर्चेत आहे. इथे आमच्या मते पाळण्याचं खरं मोल आहे. बाटल्या भरण्यासाठी पाळून उपयोग नाही, ते झालं नाही आणि होईलसं दिसत नाही. पण महाडचे दहा आणि सोलापूरचे दहा, एकाच खोलीत, एकाच खाण्यावर वाढवले, तरी विष वेगळंच राहतं का, की खाणं आणि हवा बदलल्यावर तेही बदलतं? हे रानात बसून कळणार नाही. त्यासाठी बरण्याच लागतात, आणि झुरळांचा वास सहन करणारी माणसं लागतात.

आणि थोड्या विषातही किती दडलेलं असतं पाहा. १९९० साली याच लाल विंचवाच्या विषातून सदतीस अॅमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा काढला गेला. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. पेशींच्या आवरणातलं पोटॅशियमचं एक विशिष्ट दार तो बंद करतो, दुसऱ्या दारांना जवळजवळ हात लावत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा ते दार ओळखण्यासाठी तो वापरतात. आता तो कृत्रिम रीतीनेही बनतो, मायक्रोग्रॅमच्या मापाने विकला जातो. आपल्या लाल विंचवाच्या विषातून निघालेला रेणू!

आता महाडची बाजू. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचवाच्या डंखाने मुलं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून एकेक खूण टिपली, आणि १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. त्याच वर्षी जानेवारीत इथे गिरण्यांचा संप सुरू झाला होता. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी त्यांनी या डंखावर वापरली. नसांच्या वादळाचा जोर ती हृदयापर्यंत पोचू देत नाही. इस्पितळात येणाऱ्या गंभीर रोग्यांपैकी पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण चारच्या खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण गोळी विषाचे परिणाम थोपवते, विष काढून टाकत नाही. ते काम प्रतिविषाचं. मग दोन्ही मिळून दिलं तर? चिपळूणला डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी प्रतिविषाचे अनुभव २००६ साली प्रसिद्ध केले. २०११ मध्ये बावस्करांचा सत्तर रोग्यांवरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पस्तिसांना नुसतं प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या गोळीवर आठ, दोन्ही दिल्यावर बत्तीस. आपल्या मुलाच्या खाटेशी बसलेल्या बाईला आठ तास आणि अठरा तास यांतला फरक विचारा. त्या बाटलीतलं औषध कुठल्यातरी विंचवाच्या शेपटीवरच्या थेंबापासून सुरू झालेलं असतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

एका ताईंनी विचारलंय, "विंचू चावल्यावर वरून घट्ट बांधायचं का, चिरा द्यायचा का?" दोन्ही नको. मंत्रात, पाल्यात वेळ घालवू नका. हलवाहलव कमी करा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. विंचू मारून बरोबर नेण्याच्या भानगडीत दुसरा डंख खाऊ नका, लांबून फोटो पुरे. मूल असेल तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका.

दुसरी चिठ्ठी गिरगावच्या काकांची. "मुंबईत लाल विंचू आहे का?" आमच्या पाहण्यात चाळीत नाही. पण गावाहून आलेल्या सामानात, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यात एखादा येऊ शकतो. पेटी उघडताना हात थेट आत घालू नका, पेंढा आधी जमिनीवर झटका.

तिसरी चिठ्ठी त्या अकरावीतल्या मुलाची आहे, तो मागे बसलाय. "मग तुमच्या प्रयोगशाळेत यायला मिळेल का?" शनिवारी ये. झुरळांच्या डब्यांपासून सुरुवात करावी लागेल, ते धुवायला माणूस नाहीये.